निवती रॉक: दीपगृह, पाकोळ्या आणि बोटीतूनच पाहायचे खडक

सिंधुदुर्गात आलेले बहुतेक जण मालवण, तारकर्ली करून परततात. दक्षिणेला निवतीच्या समोर खोल समुद्रात उभे असलेले खडक मात्र बघायचे राहतात. नकाशावर ते ‘वेंगुर्ला रॉक्स’ आहेत, मच्छीमारांच्या तोंडी ‘निवती रॉक’. त्यांच्यातल्या एकावर दीपगृह आहे.

आम्ही मार्चमध्ये निवतीच्या किनाऱ्यावरून सकाळी उजाडताच निघालो. त्या वेळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, पाणी शांत असतं. वाटेत गादे दिसले. डॉल्फिनना इकडे गादे म्हणतात. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी लगेच इंजिन मंद केलं, त्यांच्या मागे बोट घातली नाही. बोट ठरवताना हे आधीच सांगून ठेवा. पाठलाग करणारा बोटवाला नको.

जवळ गेल्यावर खडकांचा खरा आकार कळतो. काळ्या कड्यांवर विष्ठेचे पांढरे ओघळ, पाण्याच्या रेषेला धारदार कालवं आणि कपारीत लाट शिरली की आतून येणारा जड आवाज. सर्वांत मोलाचं आहे ते गुहांमध्ये. इथे भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. चिमणीएवढा, करडा-तपकिरी पक्षी. गुहेच्या मिट्ट काळोखात टक-टक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो. लाळेत गवत, पिसं मिसळून तो कातळाला घरटं चिकटवतो आणि त्यात दोन पांढरी अंडी घालतो. पूर्व आशियात याच लाळेच्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथली घरटी खरवडून चोरीला जात होती, कधी अंड्यांसकट, कधी पिल्लांसकट. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने त्याविरुद्ध काम उभं केलं. त्या घरट्याची किंमत मोजणाऱ्याला पाण्यात पडलेलं पिल्लू कधी दिसत नाही, याचा मला संताप येतो.

म्हणून कळकळीने सांगतो: खडकांवर उतरू नका. विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका पर्यटनाचा हंगाम. गुहेच्या तोंडाशी बोट नेणं, टॉर्च मारणं, ड्रोन उडवणं, काहीच नको. पावसाळ्याच्या तोंडावर सुरय पक्षीही इथल्या उघड्या कातळावर अंडी घालतात. पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही. दीपगृहावर तर परवानगीशिवाय जाता येतच नाही. थोडं अंतर राखून बोटीतून एक फेरी मारली की सगळं दिसतं. गुहेतून आत-बाहेर करणाऱ्या पाकोळ्यांसाठी दुर्बीण हवीच. आम्हाला समुद्री गरुडही दिसला.

साडेदहाच्या सुमारास काका म्हणाले, “आता परतूक होया, वारो सुटलो तर सगळे भिजतले.” दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि परतीला लाटा बाजूने येतात. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी. बोटीवर सावली असेलच असं नाही, त्यामुळे टोपी आणि भरपूर पाणी जवळ हवं. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात हा बेत आखूच नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते.

समुद्राला उधाण असेल तर तांडेलाला आग्रह करू नका. निवतीच्या किल्ल्यावर चढा. तिथून दीपगृह आणि खडकांची रांग स्वच्छ दिसते, खाली भोगव्याचा किनाराही.