चार इंचांचं उड्डाण

सर आम्हाला विज्ञान शिकवायला होते तेवढी वर्षं आमच्या वर्गात अमेरिकेची रॉकेटं सारखी फुटत होती. वर गेलेली रॉकेटं वर्तमानपत्रात येतातच, त्यासाठी मास्तर कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं.

शाळेच्या वाचनालयात तेव्हा दोन परदेशी मासिकं यायची. रशियन मासिकाचा कागद जाड आणि गुळगुळीत, त्यामुळे जूनमध्ये त्याची वह्यांना कव्हरं व्हायची. अमेरिकन मासिक मात्र सर स्वतःच्या कपाटात ठेवत. ते अमेरिकेचे भक्त होते असं नाही. व्हिएतनामवरून शिक्षकांच्या खोलीत त्यांचा चढलेला आवाज आम्ही व्हरांड्यातून ऐकला होता. पण रशियाचं कुठलं रॉकेट कुठे कोसळलं हे तेव्हा कुणी सांगत नसे. अमेरिकेचं व्हॅनगार्ड 6 डिसेंबर 1957 ला जेमतेम चार फूट उठलं आणि पेटलं, ते कॅमेऱ्यांसमोर, साऱ्या जगाच्या देखत. सरांना तपशील हवे असत आणि ते तिथे मिळत.

त्यांचं सगळ्यात लाडकं उड्डाण चार इंचांचं होतं. 21 नोव्हेंबर 1960, अमेरिकेचा केप कॅनव्हरल हा उड्डाणतळ. रेडस्टोन रॉकेटवर मर्क्युरी यानाची रिकामी कुपी, म्हणजे अंतराळवीर बसतो तो डबा. इंजिन पेटलं, रॉकेट साधारण चार इंच उठलं, इंजिन बंद पडलं आणि ते होतं तिथेच परत टेकलं. मग कुपीच्या डोक्यावरचा सुटकेचा मनोरा एकटाच उडून गेला, अंतराळवीराला वाचवायचा तो मनोरा, कुपीला खालीच ठेवून! पाठोपाठ पॅराशूट बाहेर पडलं आणि रॉकेटच्या अंगावर लोंबकळू लागलं. आम्ही हसून हसून बाकांवर आडवे झालो. सरांनी हसू दिलं आणि मग विचारलं, "आता जवळ कोण जाणार?" टाक्या भरलेल्या, वीज चालू, पॅराशूटमध्ये वारा भरला तर रॉकेट आडवं होणार. बंदुकीने टाकीला भोकं पाडून दाब उतरवावा अशीही एक सूचना आली होती. ती नाकारून मंडळी दुसऱ्या दिवसापर्यंत बॅटऱ्या उतरायची वाट पाहत बसली. कारण निघालं ते एवढंच: जमिनीवरून रॉकेटला जोडलेले दोन प्लग चुकीच्या क्रमाने सुटले, 29 मिलिसेकंदांच्या फरकाने.

हे सगळं सरांनी प्रयोगवहीत लिहायला लावलं. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आजवर आम्ही प्रयोगवह्या वरच्या वर्गातल्या मुलांच्या जुन्या वह्यांवरून उतरवत आलो होतो. उत्तर आधी माहीत, निरीक्षण त्याला जुळवून. या प्रयोगाची जुनी वही कुणाकडेच नव्हती.

नववीत आलो तेव्हा 27 जानेवारी 1967 ची अपोलो 1 या यानातली आग ताजी होती. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर उड्डाणात नव्हे, तळावर सराव चाचणी करताना गेले. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं, म्हणून ती चाचणी धोकादायक धरलीच नव्हती. कुपीत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने; आणि दार आत उघडणारं, म्हणजे आतला दाब वाढला की ते उघडणं अशक्य. सरांनी फळ्यावर दाराची आकृती काढली आणि बाण दाखवले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे दार बाहेर उघडणारं केलं आणि उड्डाणाच्या वेळी कुपीत 60 टक्के ऑक्सिजन, 40 टक्के नायट्रोजन भरू लागले, हे मी नंतर वाचलं.

एफ-1 इंजिनाची गोष्ट त्यांनी अर्धीच सांगितली होती. तिचा उरलेला भाग मी पुण्यात नोकरीला लागल्यावर हुडकून वाचला. माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न 5 रॉकेटच्या तळाशी अशी पाच इंजिनं. एकेकाचा जोर 15 लाख पौंड आणि भूक सेकंदाला अडीच टनांहून अधिक रॉकेल आणि द्रव ऑक्सिजनची. पण सुरुवातीला आतली ज्वाळाच स्थिर राहीना. दाबाच्या लाटा ज्वलनाच्या कोठीत गरगरू लागत आणि इंजिन स्वतःलाच फोडून टाकी. गणिताने उत्तर मिळेना. तेव्हा त्या अभियंत्यांनी जे केलं त्याला हिंमत म्हणा नाहीतर आडदांडपणा: चालू इंजिनाच्या आत मुद्दाम छोटा बॉम्ब फोडायचा आणि उसळलेली खळबळ किती वेळात शमते ते मोजायचं. इंधन फवारणाऱ्या तबकडीवर तांब्याच्या आडभिंती घालून बघायच्या, भोकांचे कोन बदलायचे, पुन्हा बॉम्ब. अखेर तबकडीचे 13 कप्पे केले आणि खळबळ एक दशांश सेकंदाच्या आत विरू लागली. सॅटर्न 5 तेरा वेळा उडालं. म्हणजे 65 इंजिनं. त्यातलं एकही उड्डाणात बंद पडलं नाही. मी आयुष्यभर एका कारखान्याच्या चाचणी विभागात ब्रेक आणि धुरे मोडायचं काम केलं, त्यामुळे या आकड्यापुढे माझं डोकं आपोआप झुकतं.

21 जुलै 1969 ला सोमवार होता. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 26 मिनिटं झाली होती. टीव्ही मुंबईतसुद्धा नव्हता. शिपाईमामांच्या ट्रान्झिस्टरभोवती निम्मी शाळा जमली. सर खूश होते, पण मधल्या सुट्टीत आम्हाला गाठून त्यांनी वर्षभरापूर्वीची गोष्ट सांगितलीच. 6 मे 1968 ला हाच आर्मस्ट्राँग चंद्रावर यान उतरवायचा सराव करत असताना त्याचं ते खाटेसारखं विचित्र यंत्र कलंडलं, आणि तो खुर्चीसकट बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. 1969 च्याच ऑक्टोबरात आर्मस्ट्राँग आणि त्याचे दोन साथीदार असे तिघेही मुंबईला आले. आमच्यातल्या कुणाला जाता आलं नाही.

एक गोष्ट मात्र सरांच्या तपशिलांत नव्हती. सॅटर्नचा शिल्पकार वर्नर फॉन ब्राउन याने आधी हिटलरसाठी व्ही-2 हे युद्धातलं रॉकेट बनवलं होतं आणि ती रॉकेटं छळछावणीतल्या कैद्यांकडून भुयारात बनवून घेतली जात. त्यात हजारो माणसं मेली. हे सरांना ठाऊक होतं का, कोण जाणे. त्या चकचकीत मासिकाने नक्कीच छापलं नसेल. तपशिलांचा हट्ट धरणाऱ्या माणसालाही मिळालेल्या कागदावरच भिस्त ठेवावी लागते. ते असते तर मी हा विषय त्यांच्यापुढे काढला असता आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं असतं.

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त आमच्या बॅचने प्रयोगशाळेसाठी थोडी रक्कम दिली आहे. सोबत एक विनंतीही केली: जो प्रयोग फसला आणि ज्याचं निरीक्षण खरं लिहिलं, त्याला गुण मिळावेत. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या की बोर्डाच्या पद्धतीत ते बसणं अवघड आहे, पण अंतर्गत गुणांत काही करता येतं का ते त्या बघणार आहेत. दिवाळीनंतर मी पुन्हा फोन करीन.