तुम्ही विचारलंत म्हणून: बरण्या रिकाम्या का?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण जिन्याखाली मांडलेल्या तीन मोठ्या, झिलईदार मातीच्या जुन्या बरण्यांपाशी थांबतो, एकीचे झाकण उचलून आत डोकावतो आणि विचारतो, "एवढ्या मोठ्या, आणि रिकाम्याच?" निदान फुले ठेवा, छत्र्या ठेवा, असा सल्लाही पाठोपाठ येतो.

फुले मी ठेवून पाहिली आहेत. साधारण 1000 ते 1150 अंश सेल्सिअसला भाजलेली ही माती सच्छिद्रच राहते. पाणी अडवण्याचे काम तिच्यावरची काचेसारखी झिलई करते, आणि जुन्या बरणीत त्या झिलईला केसासारख्या तड्यांची जाळी पडलेली असते, कारण भट्टीतून निघाल्यावर निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते. त्या जाळीतून पाणी मुरले, साठवणीच्या काळात मातीत शिरलेले मीठ विरघळले आणि दोन महिन्यांत बरणीच्या पोटावर पांढरी भुकटी फुलली. ती पुसताना झिलईचा नखाएवढा पापुद्रा माझ्या हातात आला. खालच्या लाकडी स्टुलावरचे ओले वर्तुळ अजून गेलेले नाही.

खाण्याचे पदार्थ तर नकोतच. अशा भांड्यांच्या झिलईत पूर्वी शिसे सर्रास घालत; ते डोळ्यांना दिसत नाही, पण आंबट पदार्थात उतरते.

खरे सांगायचे तर, ही भीती नसती तरी मी त्या भरल्या नसत्या. मधल्या बरणीची मधाळ झिलई खांद्यावरून ओघळत येऊन तळाच्या बोटभर वर थेंबाथेंबाने थांबली आहे. भट्टीत बरणी खाली चिकटू नये म्हणून कुंभाराने तळ कोरा राखला, आणि झिलई देताना त्याने जिथे धरले तिथे तीन बोटांच्या कोऱ्या खुणा राहिल्या. हे पाहायचे तर बरणी जमिनीवर, भिंतीपासून वीतभर पुढे हवी आणि उजेड बाजूने यायला हवा. वरून दिवा सोडला की खांद्यावर नुसता चमकारा उरतो. बरणीत काही खोचले की नजर वरच अडकते, त्या खुणांपर्यंत उतरतच नाही. झाकण मात्र मी ठेवते, कारण रिकाम्या बरणीत धूळ आणि कोळी दोन्ही लवकर वस्तीला येतात.

आणि छत्रीचे लोखंडी टोक रोज तळावर आपटू देण्याची माझी तयारी नाही. छत्र्यांसाठी दाराशी पत्र्याचा डबा आहे.