लखुजीरावांच्या लेकीचा वाढदिवस

पहाटे साडेचारला जालन्याच्या बसस्थानकात उतरले, तेव्हा सिंदखेडराजाच्या गाडीसाठी आधीच गर्दी झाली होती. जानेवारीतली मराठवाड्याची थंडी पुण्याहून निघताना मी जरा कमीच धरली होती. शाल गुंडाळून उभी राहिले, तर शेजारच्या बाईंनी न विचारताच आपल्या पिशवीवर मला बसवलं. त्या परभणीकडच्या, सोबत सून आणि दोन नाती. नातींच्या डोक्यावर भगवे फेटे, आणि ते सारखे कपाळावर घसरत होते.

गाडी लागली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून अशा प्रवासांचं रूपच पालटलं आहे. गाडीत पुरुष मोजकेच होते, तेही मागच्या बाकांवर गुमान बसलेले. तासाभराच्या वाटेत "जय जिजाऊ" कितीदा झालं सांगता येणार नाही. चढणारा प्रत्येक जण आधी तेच म्हणायचा आणि मग जागा शोधायचा.

परभणीकडच्या त्या काकूंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि ती त्या काही केल्या खाली ठेवत नव्हत्या. आत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी. मी विचारलं, तर म्हणाल्या, "लेक माहेरी आली की ओटी भरत्यात ना? आज तिचा जन्मदिवस. अन् हे तिचं माहेर."

मला हे सुचलंच नव्हतं. जिजाबाई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरा पदर घेतलेली, करारी, प्रौढ बाई येते. शाळेतल्या चित्रांनी ती तशीच बसवून दिली आहे. 12 जानेवारी 1598 ला इथे एक तान्ही मुलगी जन्मली होती, लखुजीराव जाधव आणि म्हाळसाबाई यांची, हे पाठ होतं. पण त्या तान्ह्या मुलीचा विचार मी कधी केला नव्हता.

सहाच्या सुमारास उतरलो. अजून अंधारच होता. लखुजीरावांचा वाडा गावातच, मोठ्या रस्त्यालगत आहे. आधी दिसतो तो त्याचा दरवाजा. एवढा भव्य दरवाजा पाहून मागे अख्खा राजवाडा असेल असं वाटतं, आणि आत गेल्यावर कळतं की वरचं बरंचसं काळाने नेलं. राहिली ती जोती, भिंती, खालच्या खोल्या. आदल्या रात्रीच्या पणत्यांचं तेल पायऱ्यांवर सांडलेलं होतं. माझा पाय सटकला आणि काकूंच्या सुनेने दंड धरला म्हणून वाचले.

जन्मस्थानाकडे जाणारी रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सूर्योदयाच्या वेळी पूजा असते. त्या सुमाराला कोपऱ्यातल्या काही बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मला हे फार आवडतं. आपल्याकडे थोरामोठ्यांचा जन्मदिवस नुसता आठवत नाहीत, तो जन्मच पुन्हा घडवतात. रामनवमीला भर दुपारी राम जन्मतो, शिवनेरीवर शिवजयंतीला पाळणा हलतो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही मुलगीही त्या पहाटे पुन्हा जन्मली, आणि बारशाला आल्यासारख्या बायका तिला पाहायला उभ्या होत्या. मुलगी झाली म्हणून लखुजीरावांनी हत्तीवरून साखर वाटली, असं इथे सगळे सांगतात. रांगेतल्या एका आजींनी तर ती साखर स्वतः खाल्ल्यासारखी सांगितली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. तो आकडा तिथे आठवायला नको होता, पण आठवला.

आमचा नंबर आला. काकूंनी पिशवीत हात घातला, तोच एक स्वयंसेवक पोरगा म्हणाला, "पुढे चला मावशी, थांबू नका, मागे लय लोकं आहेत." त्याचंही खोटं नव्हतं. मागून रेटा आला आणि आम्ही नमस्काराचे हात जोडलेलेच बाहेर पडलो. नारळ पिशवीतच.

बाहेर चहा घेताना एका बाईने काकूंना टोकलं. वऱ्हाडातली असावी, "काय व माय" करत बोलणारी. म्हणे, जिजाऊसाहेब तर विधवा होत्या, ओटी कशी भरता? शहाजीराजे 1664 मध्ये गेले, त्यामुळे हिशेब बरोबर. काकूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी राजमातेची नाही भरत. मी लखुजीरावाच्या पोरीची भरायलेय." ती बाई हसली आणि तिनेच चहाचे पैसे दिले.

मग सगळा लोंढा जिजाऊसृष्टीकडे वळला. गावाबाहेर मराठा सेवा संघाने उभारलेलं हे ठिकाण, आणि दिवसभराचा मोठा मेळावा तिथेच. वाटेत ढोलपथकं, लेझीम, नऊवारीतल्या मुली, लाकडी तलवारी, आणि गाड्या लावण्याचा असा गोंधळ की एक रुग्णवाहिका वीस मिनिटं अडकून पडली. ध्वनिक्षेपकांबद्दल न बोललेलं बरं. तीन दिशांनी तीन आवाज येत होते आणि त्यातला एकही धड कळत नव्हता.

पण पुस्तकांचे स्टॉल! जत्रेत जिथे पाळणे आणि फुगेवाले असायचे तिथे ओळीने पुस्तकं मांडलेली. शिवचरित्रं, फुल्यांचं लेखन, आंबेडकर, संतसाहित्य, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका, शेतीवरचीही. धोतर-टोपीतला एक म्हातारा नातवाला विचारून विचारून चार पुस्तकं निवडत होता, कारण त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. जिच्या वाढदिवसाला पुस्तकं घेऊन घरी जायची रीत पडली आहे, तिचा मला हेवाच वाटला. मीही सहा घेतली आणि संध्याकाळपर्यंत खांदा धरून बसले.

भाषणं बराच वेळ ऐकली. वक्ते दमदार होते, पण एक गोष्ट खटकत राहिली. जिजाऊंचं नाव निघालं की दुसऱ्या वाक्याला शिवराय यायचे. शिवबा घडवला, संस्कार केले, स्वराज्याचं स्वप्न दिलं. खरं आहे, कोण नाही म्हणतं? पण बाईच्या वाढदिवसाला तिच्या मुलाचंच कौतुक किती करायचं? 1666 मध्ये महाराज आग्र्यात अडकले तेव्हा मागे राज्याचा कारभार तिने सांभाळला. राजा कैदेत, परत येईल की नाही ठाऊक नाही, आणि साठी ओलांडलेली बाई किल्ले आणि माणसं धरून बसली आहे. यावर एखादं अख्खं भाषण व्हायला हरकत नव्हती. मी ऐकलेल्यांत ते अर्ध्या वाक्यात उरकलं.

दुपारी आम्ही चौघी-पाचजणी भाषणांतून उठलो आणि गाव पाहायला निघालो. गावकऱ्यांना याची सवय असावी. कुणीही न विचारता रस्ता सांगतं. पुतळा बारव बघाच. विहिरीत उतरत जावं तशा दगडातल्या मूर्ती उलगडत जातात, आणि गर्दीच्या त्या दिवशीही आत गारवा आणि शांतता. मोती तलावाची दगडी भिंत नुसती ओझरती पाहिली. काळा कोट नावाचा किल्ला बाहेरूनच. रंगमहालापाशी काकूंच्या नातींना रंगपंचमीची गोष्ट सांगितली: छोटी जिजा आणि छोटे शहाजी यांनी एकमेकांवर रंग उडवला आणि मालोजीराजांनी सोयरीक जाहीर करून टाकली. थोरल्या नातीने विचारलं, "तिला विचारलं का पण?" तिची आई गालातल्या गालात हसली.

लखुजीरावांच्या समाधीपाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. समाधी कसली, एखादं मोठं देऊळच वाटावं अशी वास्तू. दिवसभर माणसांचा पूर असलेल्या गावात इथे आम्ही आणि एक पाखरांचा थवा. 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, लखुजीरावांना दग्याने मारलं, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलांनाही. पुढच्याच वर्षी 19 फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. मधले महिने मोजून पाहा. ज्या साली बाप आणि भाऊ गेले, त्याच साली ती पोटुशी होती. पहिलटकरीण नसली तरी अशा वेळी माहेरची वाट कुणाला आठवत नाही? आणि तिच्या माहेराला तर सुतक लागलेलं.

हे मी बोलून दाखवलं आणि उगाच बोलले असं झालं, कारण काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनी पिशवी उघडली. समाधीच्या पायरीवर खण उलगडला, नारळ ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, आणि ओंजळीने तांदूळ घातले. पाच वेळा. मंत्र नाही, गाणं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तिथं गर्दी होती बाबा. तुमच्याकडे ठेवते. आली की द्या."

सहाची गाडी चुकली. पुढची दीड तासाने आली, तीही खच्चून भरलेली. धाकटी नात माझ्या पुस्तकांच्या पिशवीवर डोकं टेकून झोपली, आणि तिचा फेटा सुटून जालन्यापर्यंत माझ्या पायांशी लोळत होता.