तुम्ही विचारलंत म्हणून : कॅसेट अजून मिळते का?

"कॅसेट अजून मिळतात का? आणि घरातल्या जुन्या कॅसेट वाजवायला कोणता टेप घेऊ?" हे मला लोक सतत विचारतात.

कॅसेट मिळतात. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणलेली ही वस्तू आजही तयार होते. अमेरिकेत स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी आणि फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स कोऱ्या कॅसेट बनवतात. त्या ऑनलाइन मागवता येतात. सी-६० (साठ मिनिटांची) किंवा सी-९० (नव्वद मिनिटांची) घ्या. सी-१२०ची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते. ती ताणली जाते, गुंतते, म्हणून मी ती कधीच सुचवत नाही.

खरी अडचण यंत्राची आहे. सोनीने जपानमध्ये कॅसेट वॉकमन बनवणं २०१० साली बंद केलं. फीओ, वी आर रिवाइंड अशा कंपन्या नवे छोटे प्लेअर काढतात, पण बाजारातल्या बहुतेक स्वस्त नव्या टेपमध्ये फीत फिरवणारी यंत्रणा साधी आणि हलकी असते. फिरकीला वजन नाही, म्हणून वेग हलतो आणि लांबवलेला सूर थरथरतो. त्यापेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकातला चांगला डेक, म्हणजे घरात ठेवायचा मोठा कॅसेट प्लेअर, मिळवा आणि दुरुस्त करून घ्या. बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला किंवा वितळून चिकट झालेला असतो आणि रबरी रोलर कडक पडलेला असतो. या दोन्ही गोष्टी बदलता येतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत फिरा. हे काम जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत, म्हणून मी घाई करायला सांगतो.

घाईचं दुसरं कारण तुमच्या कपाटात आहे. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण गावच्या सप्ताहातलं कीर्तन, लग्नातली मंगलाष्टकं, आखातातून मामाने पत्राऐवजी पाठवलेला आवाज, यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

अशी कॅसेट सापडली की आधी तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही चिपा मोडा, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्डिंग होणार नाही. फितीमागची फेल्टची गादी निघाली नाही ना, तेही पाहा. डेकचं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज उचलणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग कॅसेट पूर्ण पुढे नेऊन पुन्हा मागे आणा, चिकटलेले थर सुटतात.

तरीही आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा आला तर फितीला दोष देऊ नका. ज्या यंत्रावर ते रेकॉर्ड झालं, त्याचं हेड किंचित तिरकं असू शकतं. तुमच्या हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवा आणि 'स', 'श', टाळांचा किणकिणाट ऐकत राहा. एका जागी ते एकदम स्वच्छ होतात. ज्या आजींचे शब्द कळत नव्हते, त्यांची ओवी ओळीने लिहून घेता येते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि डिजिटायझेशनची, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवण्याची, घाऊक कामं घेणारे बरेच जण नेमकी तीच गाळतात.

त्यानंतर डेकच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, वायर थेट संगणकाला जोडा. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेली नक्कल कामाची नसते. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या प्रकारात, ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. आणि मूळ कॅसेट टाकू नका. कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब, उभी ठेवा.