तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे सायकलच का?

"खाणी बंद, भट्ट्या थंड, मग जर्मनीतल्या त्या रुहरच्या कोळसापट्ट्यात सायकल घेऊन बघतेस तरी काय?" इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदाचं नीट उत्तर द्यावं म्हणते.

मी चढ बघते. खरंच. गाडीत तो कळत नाही, चालताना अंगवळणी पडतो. सायकलवर मात्र मांड्या लगेच चुगली करतात.

तिथल्या एसेन शहरात त्सोलफराइन ही कोळशाची खाण आहे. 1986 साली बंद पडली, 2001 साली जागतिक वारसा झाली. तिच्या आसपासच्या कितीतरी सायकलवाटा म्हणजे मालगाड्यांचे जुने मार्ग. रूळ उखडले, बारीक खडी दाबली, झालं. भरलेल्या वाघिणी ओढताना लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून तेव्हा चढ जेमतेमच ठेवायचे. खोलगट जागी भराव, उंचवट्यावर खोदकाम. त्या हिशेबाचा फायदा आज माझ्या गुडघ्यांना. बराच वेळ गिअरला हात लावावा लागत नाही, आणि शहर मागच्या बाजूने दिसतं: परसबागा, वाळत घातलेले कपडे, कुणाची तरी गंजलेली शिडी.

एवढ्या सपाटीवर अचानक दम लागला की समजायचं, हा डोंगर माणसाने रचलाय. बोट्रोपला अशीच एक टेकडी आहे, खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडांची. माथ्यावर 1995 साली उभारलेला पोलादी चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा सांगाडा. लोक तो बघायला येतात. मी निम्म्यातच उतरून सायकल ढकलत होते, त्यामुळे माझं लक्ष जमिनीकडे. काळपट, पापुद्र्यांचा दगड. चिमटीत धरला की सुटतो. त्यातच बर्चची रोपं घट्ट रुजलेली.

(डुइसबुर्गचा 1985 साली थांबलेला लोखंडाचा कारखानाही बघावा. वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून तिथे पाणबुडे सराव करतात, हे मला फार आवडलं. रात्रीची रंगीत रोषणाई मात्र जरा अतीच.)

आता, एवढा दगड आणि कोळसा वर आला, म्हणजे खाली पोकळी झाली. जमीन खचली, काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त. गाडलेले नळ फुटतील म्हणून सांडपाणी एम्शर नदीतूनच उघड्यावर वाहू दिलं. ती घाण पूर्ण थांबायला 2021 अखेर उजाडली. रुहरमधली शेवटची खाण 2018 साली बंद झाली, पण पाणी उपसणारे पंप बंद करायची सोय नाही. केले तर खचलेल्या वस्त्यांत पाणी साचेल.

एम्शरच्या बांधावर हे सगळं एका नजरेत दिसतं. काही ठिकाणी नदी वर आणि घरं खाली. बांधावरून वस्तीकडे सायकल सोडली की पॅडल न मारता थेट गल्लीच्या टोकापर्यंत जाते. परत वर यायला मात्र पहिला गिअर.