बडोद्याच्या बजेटमध्ये आमची कांस

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. विश्वामित्री नदी आणि कांस. (बाहेरगावच्यांसाठी: कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला.) पुढे महापालिकेने बजेटसाठी ऑनलाइन सूचना मागवल्या आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणूस रिकामाच असतो, असा सगळ्यांचा समज.

ग्रुपवर मागण्या आल्या भरपूर, पण निम्म्या पालिकेच्या नव्हत्याच. वीज कंपनीची डीपी, रेल्वेचं गरनाळं (रुळांखालचा रस्ता). एका काकूंना एसटीचं वेळापत्रक बदलून हवं होतं! उरलेल्यांत ‘झाडू रोज मारा’ छापाच्या पुष्कळ. तो महसुली, म्हणजे रोजच्या कामाचा खर्च, त्याची दाद वॉर्ड ऑफिसात मागायची. आम्हाला हवं होतं भांडवली काम, म्हणजे नवं काहीतरी बांधणं.

कोथरूडच्या आतेबहिणीने तिचा जुना फॉर्म पाठवला. पुण्यात २००६ पासून नागरिक प्रभागातली कामं सुचवतात आणि त्यासाठी प्रभागागणिक रकमेची मर्यादा ठरलेली असते. आमच्या फॉर्ममागे अशी रक्कम नाही. ती हिश्श्यातून मागते, आम्ही नुसतं सुचवतो. माझ्या मते खरा फरक इथेच आहे, ऑनलाइन-ऑफलाइनमध्ये नाही. तिची मांडणी मात्र उचलली: काम काय, नेमकी जागा कोणती, उपयोग किती घरांना.

‘पाणी भरतं, काहीतरी करा’ खोडून लिहिलं: कोपऱ्यापासून कांसेपर्यंत वरसादी (पावसाच्या पाण्याच्या) गटाराची पाइप. नकाशावरची खूण आणि भिंतीवरच्या पुराच्या रेषेचा फोटो जोडला. माझं गुजराती शेजारच्या बेननी तपासून दिलं. माझं ह्रस्व-दीर्घ पाहून त्या बराच वेळ हसत होत्या.

आयुक्तांचा मसुदा आधी स्थायी समितीपुढे जातो, मग समग्र सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. मसुदा पानोपान वाचला. आमच्या गल्लीचं नाव नाही. वरसादी गटारांची रक्कम एकाच हेडखाली, म्हणजे एकाच खात्यात, एकत्र. आमच्या वॉर्डातल्या चार नगरसेवकांपैकी एकांना भेटलो. ते म्हणाले, “काका, हेडमध्ये पैसे आहेत, पण एस्टिमेटशिवाय काम निघत नाही. आधी लेव्हल घ्यायला लावा.”

हे फॉर्मच्या आधी कळायला हवं होतं. मग वॉर्डच्या इंजिनिअरना अर्ज दिला. त्यांची माणसं येऊन उतार मोजून गेली. एस्टिमेट तयार झालं की यंदाच्या फॉर्ममध्ये त्याचाच नंबर टाकणार आहे.