'उले' या शब्दापुढची फुली

वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणे बिघडलेल्या, रुग्णाची पहिली तपासणी फोनवरच्या दुभाष्याच्या भरवशावर करू नये, हे मी लंडनच्या एका रुग्णालयात वाचोपचार तज्ज्ञ म्हणून गेली अकरा वर्षे सांगत आले आहे, आणि तरीही त्या सोमवारी मी ती तशीच केली. फोनवरच्या माणसाला चित्र दिसत नाही, रुग्णाचे ओठ दिसत नाहीत, आणि रुग्णाने हाताने काय दाखवले तेही कळत नाही. बोलणे विस्कळीत असले की कर्तव्यदक्ष दुभाषा ते सवयीने नीटनेटके करून सांगतो आणि कंटाळलेला दुभाषा 'अर्थ लागत नाही' म्हणून मोकळा होतो. आम्हाला मोडके वाक्य मोडके तसेच हवे असते, त्यामुळे दोघांचाही उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. परंतु प्रत्यक्ष येणारा दुभाषा महाग पडतो आणि फोनचे पैसे मिनिटावर मोजले जातात, त्यामुळे आमच्या वरिष्ठांना फोनच आवडतो.

रुग्ण सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. नायजेरियातल्या डेल्टा राज्यातून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता आणि उजवा हात लुळा पडला होता. नाव इग्बो आणि नोंदीत मातृभाषाही इग्बो. मी नेहमीप्रमाणे चित्रांचा संच काढला आणि अपेक्षित इग्बो शब्द देवनागरीत कागदाच्या कडेला लिहून घेतले: घर म्हणजे 'उलो', कान म्हणजे 'न्ती', पाणी म्हणजे 'मिरी'.

घराच्या चित्राला आजी 'उले' म्हणाल्या. 'उलो'चे 'उले' झाले, म्हणजे एक स्वर घसरला, असे समजून मी तिथे ध्वनिबदलाची खूण करून शून्य गुण दिले. कानाला त्या 'एती' म्हणाल्या; 'न्ती'च्या जवळचा शब्द, म्हणून पुन्हा तीच खूण आणि पुन्हा शून्य. पाण्याच्या पेल्याला त्या 'ओमी' म्हणाल्या, तेव्हा फोनवरच्या गृहस्थांनी असा शब्द नसल्याचे सांगितले आणि मी त्या रकान्यात 'निरर्थक नवशब्द' असे लिहिले. काही उत्तरे मात्र स्पष्ट इग्बोत आली. अहवालात मी नोंदवले की बोलणे ओघवते आहे, शब्दांमध्ये नवशब्दांचे प्रमाण मोठे आहे आणि स्वरांचे चढउतार शाबूत आहेत. त्या शेवटच्या निरीक्षणाचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला होता, कारण योरुबा आणि इग्बो या नायजेरियातल्या दोन्ही मोठ्या भाषांत सुराची पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि फेरीवर येणाऱ्या डॉक्टरांपैकी फार थोडे जण तिकडे लक्ष देतात. त्यांच्यापैकी एकाने तर पलंगाशी उभे राहूनच 'शब्दांची खिचडी' असा शेरा मारला होता.

जे डोळ्यांसमोर होते ते मात्र मी वाचले नाही. घराचे चित्र मी तीन वेळा दाखवले आणि तिन्ही वेळा उत्तर 'उले' असेच आले. वाचाघातात जे नवशब्द तयार होतात ते सहसा इतके एकनिष्ठ नसतात. त्याच चित्राला सकाळी एक शब्द मिळतो आणि दुपारी दुसरा. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते.

बुधवारी सकाळी मी गिळण्याची फेरतपासणी करायला गेले. पहिल्या तपासणीत साध्या पाण्याने ठसका लागला होता, म्हणून माझ्याच सूचनेवरून आजींना दाट केलेले द्रव दिले जात होते. ते कोणालाच आवडत नाहीत; मी स्वतः चाखून पाहिले आहेत आणि रुग्णांना दोष देत नाही. आजींनी पेला डाव्या हाताने बाजूला सारला आणि त्या पुन्हा 'ओमी, ओमी' म्हणू लागल्या. शेजारच्या पलंगाची चादर बदलणारी सेविका थबकली. ती ओंडो राज्यातल्या ओवो गावची आणि योरुबाभाषक होती. ती जवळ आली, गुडघे किंचित वाकवून तिने आजींना सकाळचा नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या पाणी मागताहेत. दोन दिवस मागताहेत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी कागद काढला आणि एकेक शब्द तिला वाचून दाखवला. 'एती' म्हणजे कान, तिच्याही भाषेत. 'उले' ऐकून ती हसलीच. लागोसच्या शाळेत घराला 'इले' शिकवतात, पण ओवोला तिची आजी 'उले'च म्हणत असे. मग मी आजींना आकडे मोजायला सांगितले, कारण वाचाघातात बोटांवरचे आकडे आणि वारांची नावे यांसारखी पाठ झालेली भाषा बऱ्याचदा शाबूत राहते. सोमवारी फोनवर ही चाचणी करायला वेळच उरला नव्हता. सेविकेने सुरुवात करून दिली आणि आजींनी उचलले: 'मेजी, मेता, मेरिन', न अडखळता, थेट दहापर्यंत. दहाला त्या 'मेग्वा' म्हणाल्या. सेविकेच्या शाळेतले दहा 'मेवा' होते. नायजर नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या इगाला लोकांच्या भाषेत दहाला 'एग्वा' म्हणतात, हे मी नंतर वाचले. इगाला ही योरुबाचीच चुलत बहीण आहे.

सेविकेला फार आनंद झाला होता. दुपारी मुलगा आला तेव्हा तिने त्याला सांगितले की तुमच्या आई योरुबा बोलतात, त्या आमच्यातल्याच आहेत. मुलाचा चेहरा बंद झाला. मी त्याला बाजूच्या खोलीत नेले आणि पुढचा अर्धा तास विचारण्यापेक्षा ऐकण्यातच गेला.

त्याचे गाव उकुंझू. इग्बोत 'उकु-न्झू' हे नाव चालते आणि गावाचे दुसरे नाव 'एको एफुन' असे आहे. इग्बोतला 'न्झू' आणि योरुबातला 'एफुन' म्हणजे एकच पांढरी खडू-माती. उकुंझू, उग्बोडू आणि आसपासच्या काही गावांत योरुबाच्या कुळातली ओलुकुमी भाषा बोलली जाते. या गावांच्या भोवती इग्बोच्या एनुआनी बोलीचा प्रदेश आहे, आणि मूळ योरुबाभूमी व ही गावे यांच्यामध्ये एदो गटाच्या भाषांचा सबंध पट्टा पसरलेला आहे. उग्बोडूच्या राजाला 'ओलोझा' म्हणतात. 'ओलुकुमी' या नावाचा अर्थ 'माझा मित्र' असा लावतात, आणि क्युबात नेलेल्या योरुबा गुलामांना पडलेले 'लुकुमी' हे नावही त्याच शब्दावरून आल्याचे मानले जाते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या भाषेला 'यूएलबी' असा स्वतंत्र संकेत आहे. आमच्या रुग्णालयाच्या यादीत ती नाही.

"मग मातृभाषा इग्बो का लिहिली?" असे मी विचारले. त्याने सांगितले की घरी ते ओलुकुमी आहेत, राज्याच्या राजधानीत, असाबाला, गेल्यावर अनिओमा, आणि लागोसमध्ये नाव ऐकताच लोक त्यांना इग्बो ठरवतात. अर्ज भरताना बाहेरच्या लोकांना कळेल ते लिहायची सवय झाली. अनिओमा हे नाव अनिओचा, न्डोक्वा, इका आणि ओशिमिली या चार भागांच्या आद्याक्षरांतून डेनिस ओसाडेबे यांनी घडवले. मुलाच्या मते ते नाव असण्याचे मोल तिथल्या लोकांनाच ठाऊक. १९६७ च्या ऑक्टोबरात, इग्बोबहुल पूर्व भाग नायजेरियातून फुटल्याने पेटलेल्या बियाफ्रा युद्धात, संघराज्याच्या सैन्याने असाबात शेकडो निःशस्त्र माणसे मारली. त्यानंतर कोणी स्वतःला इग्बो म्हणवायचे आणि कोणी नाही, हा त्या पट्ट्यात नुसत्या व्याकरणाचा प्रश्न राहिला नाही. त्याच्या आजोळची माणसे इग्बो आहेत आणि चर्चमधली प्रार्थना इग्बोत होते. योरुबा लोकांशी भांडण मुळीच नाही, परंतु कोणी येऊन 'तुम्ही आमचे' म्हणावे हे त्याला रुचत नव्हते. भाषेचे सांगणे आणि माणसाचे सांगणे इथे जुळत नव्हते, आणि माझ्या रकान्यात एकच शब्द बसणार होता.

भाषाशास्त्राच्या बाजूने मला शंका नव्हती. एकापेक्षा अधिक भाषा येणाऱ्या रुग्णांत आधी कोणती परत येते, याबद्दल आमच्याकडे एकोणिसाव्या शतकापासून दोन मते आहेत: रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली, आणि १८९५ मध्ये लिहिणाऱ्या पीत्र यांच्या मते आजारापूर्वी सर्वांत वापरात असलेली. आजींच्या बाबतीत पहिले मत खरे ठरत होते असे म्हणता येईल, परंतु उकुंझूत त्या शेवटपर्यंत ओलुकुमीच बोलत असतील तर दुसरेही तितकेच खरे ठरते. उपचारासाठी मला एवढेच ठरवायचे होते की शब्दांचा सराव कोणत्या भाषेत सुरू करायचा. ते मुलाने ठरवले. घरातल्या पंचवीस वस्तूंची ओलुकुमी नावे त्याने फोनवर ध्वनिमुद्रित करून दिली. आजारविषयक संमतीची बोलणी मात्र त्याच्या आग्रहावरून इग्बो दुभाष्याबरोबर झाली, या वेळी प्रत्यक्ष, आणि आजींनी तिथे इग्बोतही बऱ्यापैकी उत्तरे दिली. म्हणजे माझा सोमवारचा अहवाल दोन्ही बाजूंनी चुकलेला होता.

त्या दिवशी साधे पाणी मी त्यांना दिले नाही. चमच्याने दिलेल्या पाण्यालाही ठसका आला, त्यामुळे दाट पेयच चालू ठेवावे लागले. फरक इतकाच की सेविकेने त्यांना ते का, हे कळेल अशा शब्दांत सांगितले आणि त्यांनी नाराजीने का होईना, पेला उचलला.

संगणकातल्या यादीत मी 'इतर' निवडून पुढच्या मोकळ्या जागेत 'ओलुकुमी. इग्बोही बोलतात' असे लिहिले. बारा दिवसांनी आजींना पुनर्वसन केंद्रात हलवले तेव्हा पाठवणीच्या पत्रात भाषेसमोर 'योरुबा' छापून आले. मोकळ्या जागेतला मजकूर पत्रात उतरत नाही, म्हणून कोणीतरी यादीतला जवळचा पर्याय निवडला होता. मुलाने मला फोन केला. तो रागावलेला नव्हता. हे मीच लिहिले का, एवढेच त्याने विचारले. मी नाही म्हटले, आणि केंद्रातल्या सहकाऱ्याला सारे सविस्तर कळवले.

आमच्या नोंदीतला मजकूर खोडता येत नाही. चूक दिसेल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचे, सही करायची आणि तारीख टाकायची. सोमवारच्या कागदावर 'ओमी'समोर आता दोन गुण आहेत आणि 'एती'समोरही दोन. 'उले'समोर मी आधी शून्य दिले होते आणि त्याला फुलीही मारली होती. त्या फुलीवरून रेघ नीट जात नाही, म्हणून तिथे दोन रेघा झाल्या आहेत.